लंडनची शैक्षणिक सहल : मुलांच्या पदरात काही पडावे म्हणून

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना परदेशी शैक्षणिक सहलीला नेताना पहिला निर्णय घ्यायचा तो कोणती ठिकाणे गाळायची याचा. आठवड्याभरात चार देश दाखवणाऱ्या सहलीत मुलांच्या वाट्याला मुख्यतः बसची खिडकी आणि हॉटेलचा नाश्ता येतो. त्याऐवजी लंडनसारखे एकच शहर निवडावे. तेथे मुलांना मोडक्यातोडक्या का होईना इंग्रजीत स्वतः चौकशी करता येते, आणि ब्रिटिश म्युझियमसारख्या मोठ्या राष्ट्रीय संग्रहालयांच्या कायमस्वरूपी दालनांना प्रवेशशुल्क नसल्याने एकाच जागी दोनदा जाणेही परवडते.

कागदपत्रांचे काम पालकांनी परस्पर उरकू नये. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसासाठी प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची लेखी संमती लागते. तो अर्ज मुलांना शेजारी बसवूनच भरावा.

निघण्यापूर्वी प्रत्येक गटाला एक प्रश्न द्यावा, आणि तो जागेवर गेल्याशिवाय सुटू नये असा असावा. ग्रिनिचची वेधशाळा यासाठी फार उपयोगी आहे. १८८४ मध्ये वॉशिंग्टन येथील परिषदेत तेथून जाणारे रेखावृत्त मूळ (शून्य अंशाचे) रेखावृत्त म्हणून स्वीकारले गेले, हे मुलांनी भूगोलात वाचलेले असते. वेधशाळेच्या अंगणातील त्या रेषेवर एक पाय इकडे आणि एक तिकडे ठेवून फोटो काढला की बहुतेक सहली पुढे सरकतात. आपण थांबावे आणि मुलांना फोनवर रेखांश पाहायला सांगावे. तो शून्य दिसत नाही. शून्य गाठायला तेथून पूर्वेकडे सुमारे १०२ मीटर, म्हणजे अंगण सोडून बाहेरच्या बागेत, चालत जावे लागते. जुनी रेषा दुर्बिणीने व स्थानिक लंबरेषेच्या, म्हणजे तेथे ओळंबा दाखवतो त्या उभ्या रेषेच्या, आधाराने ठरवलेली होती. गुरुत्वाकर्षणाच्या स्थानिक फरकामुळे ती लंबरेषा पृथ्वीच्या केंद्राकडे नेमकी रोखलेली नसते, तर उपग्रहांची मोजणी त्या केंद्राच्या आधारे चालते. हे कारण शिक्षकांनी आधी सांगून टाकू नये. मुलांना बागेत शून्य सापडू द्यावे, आपसांत वाद घालू द्यावा. पाठ्यपुस्तकातली रेषा माणसांनी ठरवलेली आहे, हे त्यांना त्या वादातून जितके कळते तितके वर्गातल्या तासात कळत नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत गेल्यास आणखी एक कोडे हाती लागते. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची, एका अंशाला चार मिनिटे, म्हणून ग्रिनिचशी फरक साडेपाच तासांचा, हे गणित मुलांना पाठ असते. घड्याळ मात्र साडेचारच तासांचा फरक दाखवते, कारण उन्हाळ्यात ब्रिटनमधील घड्याळे एक तास पुढे केलेली असतात.

ब्रिटिश म्युझियममध्ये सगळी दालने पालथी घालण्याचा हट्ट सोडून अमरावतीच्या स्तूपाच्या शिल्पांपाशी तासभर बसावे. (विदर्भातली मुले आपली अमरावती समजून हरखतात, ही आंध्र प्रदेशातली.) प्रत्येकाने एकच शिल्प निवडून त्याचे रेखाटन करावे, मग माहितीफलक वाचावा आणि ते शिल्प येथे कसे पोहोचले याविषयी फलक काय सांगतो व काय सांगत नाही हे वहीत लिहावे.

१९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर जेथे राहत होते ते १०, किंग हेन्रीज रोड येथील घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. ते पाहून झाल्यावर मुलांना नकाशा देऊन बाबासाहेब जेथे शिकले त्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सपर्यंतचा रस्ता शोधायला लावावा. शिक्षकांनी सोबत असावे, पण मागून चालावे. चॉक फार्म स्थानकावरून भुयारी रेल्वेच्या नॉर्दर्न मार्गावरची गाडी पकडताना ती चेअरिंग क्रॉस स्थानकामार्गे जाते की बँक स्थानकामार्गे, हे फलाटावरच्या पाटीवर वाचावे लागते. चेअरिंग क्रॉसमार्गे जाणारी मिळाली, तर टॉटनहॅम कोर्ट रोडला गाडी बदलून होबर्नला उतरता येते. चुकीच्या गाडीत बसण्याची चूक एखाद्या गटाला करू द्यावी. परत फिरण्याचा मार्गही त्यांनीच शोधावा.

दुपारच्या जेवणाचे पैसे रोज पौंडांत मुलांच्या हाती द्यावेत आणि रात्री हिशेब मागावा. शाकाहारी पदार्थ कोणता हे विचारून घेणे, रांगेत आपली पाळी येईपर्यंत उभे राहणे, उरलेली चिल्लर मोजणे हे सारे तेथे आपोआप घडते. घरी दिवसातून एकदाच ठरलेल्या वेळी फोन करावा, कारण दर तासाला आईला फोटो पाठवणारे मूल मनाने घरीच असते.

परतल्यावर निबंधाऐवजी प्रत्येक गटाने आपल्या प्रश्नाचे उत्तर आठवीच्या वर्गासमोर मांडावे आणि त्यांच्या शंकांना तोंड द्यावे. पुरेसा वेळ मिळाला नाही, तर यातले काहीच जमत नाही. म्हणून प्रवास कंपनीला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी प्रत्येक ठिकाणी किती तास थांबणार आणि खरेदीसाठी किती वेळ राखून ठेवला आहे, हे शाळेने लेखी मागून घ्यावे.