वर्गातल्या आनुवंशिक गुणांची पाहणी कशी करावी

कानाची पाळी, जीभ, गालावरची खळी यांची वर्गात मोजदाद करायची आणि शेवटी फळ्यावर ३:१ (तिघांत गुण दिसतो, एकात नाही) लिहायचं, असा हा उपक्रम अजूनही सर्रास सांगितला जातो. तसा करू नका. ३:१ हे प्रमाण ठरावीक जोडप्यांच्या संततीत येतं, जिथे आई आणि वडील दोघांकडेही जनुकाचं एक प्रभावी (एकच असलं तरी दिसणारं) आणि एक अप्रभावी (दोन्हीकडून आलं तरच दिसणारं) रूप असतं. नात्यात नसलेली चाळीस मुलं एका वर्गात बसली म्हणून ते दिसायचं काहीच कारण नाही. पाहणी करायची ती मुला-मुलांमध्ये फरक किती आणि कसा आहे हे बघण्यासाठी.

१. गुण निवडा. पाच पुरेत: कानाची पाळी, जीभ (नळीसारखी वळवता येते का), खळी, अंगठ्याचा मागचा वाक आणि उंची. उंची हवीच, ती का ते पुढे येईल.

२. व्याख्या लिहा. सगळा उपक्रम इथे फसतो. मलाही हीच पायरी सर्वांत जड गेली, कारण पुस्तकातल्या चित्रात दोनच कान असतात, एक स्पष्ट मोकळ्या पाळीचा आणि एक स्पष्ट चिकटलेल्या पाळीचा. वर्गातले कितीतरी कान या दोघांच्या मधे कुठेतरी असतात. "बघा आणि ठरवा" असं सांगितलं की एकच कान एक मुलगा मोकळ्यात टाकतो आणि दुसरा चिकटलेल्यात.

म्हणून खूण ठरवा. मान सरळ, केस कानामागे, जड कानातलं काढलेलं. पाळी गालाला जिथे मिळते तो बिंदू बघा. पाळीचं टोक त्याच्या स्पष्ट खाली लोंबत असेल तर मोकळी. कड तिरकी थेट गालात उतरत असेल तर चिकटलेली. बाकी सगळ्या 'मधल्या'. हा तिसरा रकाना ठेवाच. तो नसेल तर मुलं नसलेली सीमारेषा ओढत बसतात.

मग दहा कान दोघांना वेगवेगळे तपासू द्या, एकमेकांचा कागद न बघता. दोन-तीन कानांवर एकमत झालं नाही, तर मुलांना बोलू नका, व्याख्या पुन्हा लिहा. अंगठ्यालाही हेच लागू आहे. 'वाकतो' की 'वाकत नाही' असं विचारू नका, कोनमापक लावून अंश लिहा.

३. नोंद करा. नावाऐवजी क्रमांक. ज्याला भाग घ्यायचा नाही, त्याला घेऊ नका.

४. आलेख काढा. खळीचा स्तंभालेख, उंचीचा आयतालेख. मुलगे-मुली वेगळे. चाळिसांत एक मूल म्हणजे अडीच टक्के, तेव्हा दोन वर्गांतल्या पाच टक्क्यांच्या फरकावरून काहीही सिद्ध करू नका.

५. अर्थ लावा. 'प्रभावी म्हणजे जास्त लोकांत दिसणारा' हा समज आधी काढून टाका. ओ रक्तगट अप्रभावी आहे, तरी जगात सर्रास आढळतो. जास्तीचं बोट अनेकदा प्रभावी रीतीने येतं, तरी ते विरळाच.

जिभेबद्दल तर ठामपणे सांगा. जीभ नळीसारखी वळवता येणं हा एका प्रभावी जनुकाचा गुण आहे, असं जनुकशास्त्रज्ञ स्टर्टेव्हंट यांनी १९४० मध्ये मांडलं. १९५२ मध्ये मॅटलॉक या संशोधकांनी एकसारख्या जुळ्यांच्या (ज्यांची जनुकं सारखीच असतात) ३३ जोड्या तपासल्या. त्यांतल्या ७ जोड्यांत एकाला जीभ वळवता येत होती आणि दुसऱ्याला नाही. पुढे स्टर्टेव्हंट यांनी स्वतःच आपली मांडणी चुकल्याचं मान्य केलं. तरीही एका जनुकाचं उदाहरण म्हणून जीभ अजून शिकवली जाते, याचा मला खरोखर राग येतो. इथे उंचीचा आलेख कामाला येतो. मधे दाटी, दोन्ही टोकांना विरळ, आणि मधे कुठेही तुटलेला नाही. उंचीवर हजारो जनुकीय फरकांचा आणि शिवाय आहार-आजारपणाचा परिणाम होतो. आपले बरेचसे शारीरिक गुण या जातीचे आहेत.

६. तक्ता घरी पाठवू नका. 'आई-वडिलांचेही कान तपासून आणा' हा गृहपाठ बंद करा. वर्गात दत्तक मूल असू शकतं, एकाच पालकाजवळ वाढणारं असू शकतं. आणि कुणी विचारलंच, "आई-बाबांसारखे माझे कान का नाहीत?", तर गडबडू नका. २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात कानाच्या पाळीच्या ठेवणीशी निगडित ४९ जागा जनुकसंचात सापडल्या. इतक्या ठिकाणांहून ठरणारा गुण आई-वडिलांपेक्षा वेगळा येऊ शकतो आणि त्यावरून नात्याबद्दल काहीच म्हणता येत नाही. हे उत्तर सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं द्या.