कूपावरचा पहिला उन्हाळा: नव्या वनरक्षकांसाठी

वणवा कसा पसरतो, जाळरेषा (आग अडवण्यासाठी कापून-जाळून मोकळा केलेला पट्टा) कशासाठी काढतात आणि महाराष्ट्रात 15 फेब्रुवारी ते 15 जून हा आगीचा हंगाम का मानला जातो, हे प्रशिक्षणातून आलेल्यांना पुन्हा सांगण्याची गरज नाही. ज्यांना पहिल्याच वर्षी सागाच्या कूपावर, म्हणजे तोडीसाठी आखून दिलेल्या जंगलाच्या तुकड्यावर, देखरेखीचे काम मिळते, त्यांच्यासाठी मी हे लिहीत आहे. गडचिरोली-चंद्रपूरकडे कूपतोड थंडीत होते, परंतु लठ्ठे, बल्ल्या (बारीक गोल खांब) आणि जळाऊ बिटे (सरपणाचे रचलेले ढीग) विक्री आगारात पोहोचेपर्यंत अनेकदा एप्रिल उजाडतो. म्हणजे ऐन वणव्याच्या दिवसांत माल जंगलात असतो, तोड करणाऱ्या टोळ्यांचे डेरे जंगलात असतात आणि जबाबदारी तुमची असते. एरवी आमच्याकडचा वणवा जमिनीलगत पाला जाळत जातो आणि मोठी झाडे बहुधा तगतात. कूपात मात्र तोडलेल्या झाडांचे शेंडे आणि फांद्या गुडघ्याच्या वर साचलेल्या असतात, त्यामुळे तिथली ज्वाला हिरव्या फांदीने झोडपून विझवता येईल इतकी ठेंगणी राहत नाही.

आता जाळरेषेविषयी सविस्तर सांगते, कारण आम्ही फसलो ते तिथेच. आमच्या कूपाभोवतीची रेषा डिसेंबरात कापली होती, जानेवारीच्या शेवटी जाळून काळी केली होती, मोजमाप होऊन नोंदही झाली होती. मार्चच्या अखेरीस आग तीच रेषा ओलांडून आत आली आणि रचून ठेवलेली बिटे सकाळपर्यंत धुमसत राहिली. रेषा जिथे ओलांडली गेली तिथे दुसऱ्या दिवशी चालून पाहिले, तेव्हा कारणे डोळ्यांसमोर होती. साग आपली सगळी पाने एकाच वेळी टाकत नाही. उतारावरचा साग लवकर निष्पर्ण होतो, तर नाल्याकाठचा, ओलाव्यातला साग बराच उशिरापर्यंत पाने गाळत राहतो. मोह आणि ऐन यांची पानगळ तर रेषा जाळून झाल्यावरच जोर धरते. सागाचे पान सुपाएवढे असते, वाळल्यावर ते वळते, त्याच्याखाली हवा खेळते, आणि अशा पानांचा एकच थर रेषेवर पसरला तरी आगीला ओलांडायला तेवढा पूल पुरतो. फेब्रुवारीत काळी दिसणारी रेषा मार्चमध्ये पुन्हा तपकिरी झालेली असते, पण नोंदवहीत ती काळीच राहते.

दुसरे कारण त्याहून साधे आणि त्याहून संतापजनक होते. जाळरेषा मोकळी असते, ट्रॅक्टर तिथपर्यंत सहज येतो, म्हणून मुकादम जळाऊ बिटे तिच्या काठालाच रचतो. ओढकामात तुटलेल्या फांद्या, साल आणि ढलपेही तिथेच पडतात. आग अडवण्यासाठी मोकळ्या केलेल्या पट्ट्यात आपण हाताने सरपण मांडून ठेवतो, असा त्याचा अर्थ होतो. त्यामुळे बिटे कुठे रचायची, हे तोड सुरू होण्यापूर्वी मुकादमाला जागेवर नेऊन दाखवावे. शेंडे-फांद्या रेषेपासून आणि मालापासून आत ओढून, तोडून, जमिनीलगत पातळ पसरून टाकाव्यात. त्यांचे उंच ढीग करू नयेत. रेषा फेब्रुवारीपासून दर आठवड्याला झाडावी, मार्चमध्ये त्याहून वारंवार, आणि वावटळीची दुपार झाली तर त्याच संध्याकाळी. झाडलेला पाला काठावर बांधासारखा साचू देऊ नये. पायाखाली सलग माती दिसली तरच रेषा आहे असे समजावे; लांबून गाडीतून पाहून काहीच कळत नाही.

ब्लोअरविषयी, म्हणजे हवेच्या झोताने पाला उडवणाऱ्या यंत्राविषयी, माझे मत अनेकांना पटत नाही. रेषा झाडायला ते यंत्र उत्तम आहे आणि लहान आगीतही उपयोगी पडते, परंतु ते पाठीवर आले की माणूस नको तितका पुढे जातो. फांद्यांच्या राशीला लागलेल्या आगीवर वारा मारला तर ठिणग्या पलीकडे उडतात. यंत्रात, मग ते ब्लोअर असो वा चेनसॉ, पेट्रोल भरायचे ते थंड झाल्यावर आणि उघड्या मातीवर, पाल्यावर कधीच नाही. जुन्या माणसांच्या अनुभवावरही डोळे झाकून विसंबू नये. ‘समोरून काउंटर फायर लावू, दहा मिनिटांत संपेल’ असे, म्हणजे येणाऱ्या आगीसमोर आपणच दुसरी आग लावू असे, सांगणारा एकतरी प्रत्येक वर्तुळात (वनपालाच्या हद्दीत) भेटतो. मागे भक्कम रेषा, हाताशी पुरेशी माणसे आणि वाऱ्याची खात्री नसेल तर त्याला स्पष्ट नकार द्यावा. शिकायचे असेल तर तुमच्याबरोबर रेषेवरून पायी चालणाऱ्या वनपालाकडून शिकावे.

भारतीय वन सर्वेक्षणाचे मोबाइलवर येणारे इशारे उपयुक्त आहेत, पण त्यांची मर्यादा ओळखावी. आगीची उष्णता टिपणारा व्हीआयआयआरएस संवेदक असलेले उपग्रह आपल्यावरून साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास जातात, म्हणून तीन वाजता लागलेली आग त्यांना रात्रीपर्यंत दिसत नाही. आणि मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला पेटवला जातो तो मार्च-एप्रिलमध्येच. गावात जाऊन 1927 च्या वन अधिनियमाचे, राखीव वनात आग लावण्यास मनाई करणारे कलम 26 वाचून दाखवण्यापेक्षा कूपालगतचे मोह कोणाचे कुटुंब वेचते हे विचारून घ्यावे आणि त्या झाडांखालचा पाला आपल्या मजुरांकडून झाडून द्यावा. यातून जे साधते ते धाकाने साधत नाही. टोळीच्या चुलीभोवतीची जमीन खरवडलेली असावी आणि बिडी ओढायची जागा ठरलेली असावी, एवढे मुकादमाशी पहिल्याच दिवशी बोलून ठेवावे.

आग लागलीच तर माल सोडावा लागला तरी चालेल, माणूस नाही. 8 एप्रिल 2021 रोजी नागझिऱ्यात आग विझवताना तीन वनमजुरांचा होरपळून मृत्यू झाला, हे हंगामाच्या पहिल्या बैठकीत मजुरांना नक्की सांगावे. आगीच्या वरच्या उतारावर किंवा अरुंद नाल्यात कोणालाही उभे करू नये. चढ दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. परतण्याची वाट आधी ठरवावी, आणि सर्वांत जवळचा आसरा बहुधा नुकतीच जळून गेलेली काळी जमीन हाच असतो. अंगावर नायलॉनचे कपडे नकोत. भर दुपारी उन्हानेही माणसे कोसळतात, त्यामुळे पाणी आगीसाठी नसले तरी पिण्यासाठी असलेच पाहिजे.

एवढे वाचून घाबरण्याचे कारण नाही. रेषा स्वच्छ असेल तर बहुतेक आगी त्या रेषेवर येऊन थबकतात, आणि दहाबारा माणसे संध्याकाळी वारा पडल्यावर त्या संपवतात. त्यानंतर मात्र बुंधे आणि पोकळ खोडे हाताची पाठ जवळ नेऊन तपासावीत, कारण मुळांतली धग दुसऱ्या दिवशीच्या दुपारच्या वाऱ्याने पुन्हा पेट घेते. तिथे रात्रभर दोन माणसे ठेवावी लागतात, आणि दोन महिन्यांची मजुरी थकलेली असेल तर ती माणसे थांबत नाहीत. म्हणून हंगामी फायर वॉचरची (आगीवर पाळत ठेवणाऱ्या मजुरांची) हजेरी त्याच दिवशी भरावी, आणि देयक कोणत्या टेबलावर अडले आहे याचा पाठपुरावा, कोणी सांगण्याची वाट न पाहता, दर आठवड्याला स्वतः करावा.