बधिरांध मुलाला शिकवताना या चुका टाळा

बधिरांध, म्हणजे दिसणं आणि ऐकणं दोन्ही अधू असलेल्या मुलांच्या शिक्षकांना मी शिकवते. प्रशिक्षणाच्या पहिल्या तासाला मी सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधते, कानांत कापसाचे बोळे घालायला लावते आणि न सांगता एकेकाच्या हातात काहीतरी कोंबते. कधी ओला साबण, कधी केळ्याची साल. माणसं दचकतात, हात झटकतात. एका बाईंनी तर माझ्या मनगटावर चांगला फटका दिला होता. पट्ट्या सुटल्या की मी एवढंच विचारते, तुमचा विद्यार्थी हात झटकतो तेव्हा वहीत काय लिहिता? उत्तर बहुतेक वेळा ‘आक्रमक’ नाहीतर ‘सहकार्य करत नाही’ असं येतं.

हात धरून काम करून घेणं

ज्याला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, त्याचे हात हेच डोळे आणि कान. डोळस मुलाची मान पकडून आपण फळ्याकडे वळवत नाही. इथे मात्र मनगट सर्रास धरलं जातं. मीही पहिली दोन वर्षं तेच केलं. एका मुलाला चमच्याने जेवायला शिकवलं आणि कौतुकही करून घेतलं. मग लक्षात आलं, कुणी मनगट धरल्याशिवाय तो चमचा हलवतच नाही. तो चमचा वापरायला शिकलाच नव्हता, मनगट ढकललं जायची वाट बघायला शिकला होता.

उपाय साधा, पण सवय मोडायला वेळ लागतो. आपला हात मुलाच्या हाताखाली ठेवायचा. त्याची बोटं आपल्या हातावर टेकलेली. आपण पेला शोधतो, पकडतो, उचलतो. त्याला ते बोटांखाली कळतं. नकोसं झालं तर तो हात काढून घेऊ शकतो, आणि ते त्याचं बोलणंच असतं. कणीक मळताना, शेंगा सोलताना, कपडे वाळत घालताना हे करून बघा. पोळी ताटात आपोआप येते अशीच यातल्या कित्येक मुलांची समजूत असते, कारण स्वयंपाकघरात त्यांना कुणी येऊच देत नाही.

एक कृती झाली की थांबा. मनात वीसपर्यंत मोजा. उत्तर येतं, फक्त उशिरा येतं.

खेळण्यातली बस

बाहेर जायचंय हे सांगायला पालक प्लास्टिकची छोटी बस हातात देतात. आपल्या डोळ्यांना ती बस दिसते. बोटांना तो चाकं लावलेला गुळगुळीत ठोकळा लागतो. मुलाच्या लेखी पुण्याच्या पीएमपीची बस म्हणजे उभं राहताना धरलेला दांडा. रिक्षा म्हणजे मांडीखालचं रेक्झिन. धनकवडीच्या एका आईने सीटकव्हरवाल्याकडून रेक्झिनचा तुकडा मागून आणला आणि पुठ्ठ्यावर चिकटवला. रोज निघताना तो हातात द्यायला लागल्यापासून महिना-दीड महिन्यात मुलगा तो पुठ्ठा चाचपून चपला शोधायला लागला.

अशा वस्तू दिवसाच्या क्रमाने खणांत मांडायच्या आणि काम झालं की ती वस्तू ‘झालं’च्या डब्यात टाकायची. नेदरलँड्सचे बधिरांध शिक्षणातले तज्ज्ञ यान फान डाइक यांच्या कामातून ही पद्धत जगभर रुळली. पुण्यात त्यासाठी मंडईतली साधी टोपली चालते.

इथेच पालक बधिरांध हेलन केलरची पंपाची गोष्ट काढतात: पंपाच्या धारेखाली एक हात असताना बाईंनी दुसऱ्या हातावर ‘पाणी’ शब्द घडवला आणि त्या क्षणी तिला शब्द म्हणजे काय ते उमगलं. ती १८८७ ची. पण हेलन एकोणीस महिन्यांची होईपर्यंत बघत-ऐकत होती, आणि पंपापूर्वी महिनाभर तिच्या शिक्षिका सलिव्हनबाई तिच्या हातावर बोटांनी शब्द घडवत होत्या. जन्मापासून बधिरांध असलेल्या मुलाकडून तशा एका क्षणाची अपेक्षा धरली की सगळेच निराश होतात.

काहीच दिसत नाही, असं धरून चालणं

पूर्ण अंधार आणि पूर्ण शांतता असलेली मुलं थोडी. बहुतेकांकडे नजर किंवा श्रवण थोडंफार शिल्लक असतं. गरोदरपणात आईला रुबेला (जर्मन गोवर) झाला असेल तर बाळाला मोतीबिंदू, श्रवणदोष, हृदयदोष एकत्र असू शकतात, म्हणून तिन्ही तपासण्या करून घ्या.

उलट बाजूही बघा. मूकबधिर शाळेतला मुलगा तिन्हीसांजेला अडखळायला लागला, बाजूने केलेल्या खुणा त्याच्या नजरेतून निसटायला लागल्या, तर ‘लक्ष नाही’ म्हणून रागावू नका. अशर सिंड्रोममध्ये, म्हणजे श्रवणदोषासोबत पुढे नजरही अधू होत जाणाऱ्या आनुवंशिक आजारात, आधी रातांधळेपणा येतो, मग नजरेचा घेर आक्रसतो. मुलाला ऐकू येत नाही, हेही डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा. अशा मुलाशी बोलताना थोडं लांब उभं राहा, हात छातीपुढे लहान चौकटीत ठेवा, साधा गडद सदरा घाला आणि खिडकीकडे पाठ करू नका.

मूल अचानक चिडचिडं झालं तर वागणुकीचा तक्ता नंतर. आधी कानाच्या मशीनची बॅटरी, कानातला मळ, मशीनचा कानात बसणारा मोल्ड घट्ट झालाय का ते बघा. डोळ्यांत बोटं घालत असेल तर चापट मारून काही होत नाही. हाताला काहीतरी काम द्या.

आईला बाहेर बसवणं

शिक्षकांचं प्रशिक्षण आत आणि आया बाहेर बाकावर, हे मी अनेकदा पाहिलंय. मग शाळेत ‘पाणी’ म्हणजे हनुवटीला बोट, घरी पेल्यावर टिचकी, आणि आजी सरळ तोंडाला पेला लावते. सुरुवातीला पाचच खुणा ठरवा आणि वहीत चित्रासह लिहून घरी पाठवा. आजीला बोलवाच, अंघोळ आणि जेवण तिच्याच हाती असतं.

कागदपत्रांचं थोडक्यात: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बधिरांधत्वाचा उल्लेख आहे. प्रमाणपत्रावर दृष्टी आणि श्रवण दोन्ही नोंदी आहेत ना, तपासा.

न सांगता जवळ येणं

प्रत्येक माणसाची एक खूण हवी. आधी खांद्याला हलका स्पर्श, मग ती खूण. माझी मनगटावरचं घड्याळ. आमच्या एका विद्यार्थ्याच्या आजीची खूण पाटल्या. त्या डागडुजीला सोनाराकडे गेल्या तेव्हा चार दिवस तो तिच्या हातचं जेवला नाही. मनगट चाचपायचा आणि हात मागे घ्यायचा. काचेच्या बांगड्या भरून पाहिल्या, त्याला त्या पटल्या नाहीत. पाचव्या दिवशी आजीने सोनाराकडून पाटल्या तशाच परत आणल्या.