लग्नाचा खर्च 'अर्धा-अर्धा'? बैठकीतल्या या चुका टाळा

बैठकीत चहा-पोहे झाले की कुणीतरी म्हणतंच, "खर्चाचं काय एवढं, अर्धा-अर्धा करू." सगळे माना डोलावतात, सुपारी फुटते. कशाचा अर्धा, हे मात्र कुणी विचारत नाही.

खरा घोळ ताटांवर होतो. समजा ताट 700 रुपयांचं, माणसं 400: मुलाकडची 260, मुलीकडची 140. बिल 2,80,000. सरळ निम्मं केलं तर प्रत्येकी 1,40,000. आपापल्या माणसांप्रमाणे भरलं तर मुलाकडचे 1,82,000 आणि मुलीकडचे 98,000. म्हणजे निम्म्याच्या नावाखाली मुलीकडच्यांनी 42,000 रुपयांची परक्यांची जेवणं घातली! गावाहून दोन बस भरून मंडळी येणार असतील तर विचारूच नका. हॉल, स्टेज, भटजी निम्मे आणि जेवण माणशी, ही वाटणी मला पटते. केटररची किमान ताटांची अट असेल, तर कमी पडलेली ताटं कुणाच्या नावावर, हेही तेव्हाच बोला. ज्यांची माणसं आली नाहीत त्यांच्या, असं माझं मत.

दुसरी चूक, हॉलचं नुसतं भाडं विचारणं. माझ्या चुलतबहिणीचं लग्न दादरला होतं. पाठवणी झाली, रात्री साडेदहाला हॉलच्या ऑफिसात कागद पुढे आला: लाइटबिल, साफसफाई आणि बाहेरचा डेकोरेटर आणला म्हणून रॉयल्टी. काका आणि व्याही दोघंही "अहो, मी देतो ना" म्हणत खिसे चाचपत उभे. पाकीट कुणाचंच बाहेर येईना. शेवटी नवरदेवाच्या मित्राने फोनवरून पैसे भरले. ते त्याला परत मिळाले का, हा विषय आमच्या घरात अजून कुणी काढत नाही. तेव्हा बुकिंगच्या वेळीच सगळे वरखर्च लिहून घ्या आणि डिपॉझिट कुणी भरलं तेही लिहा. परत येताना त्यावरून रुसवे होतात.

"आम्हाला काही नको, फक्त लग्न थाटात करून द्या" असं ऐकलं तर थाट म्हणजे काय, ते तिथल्या तिथे विचारा. याच्या आडून रोख, गाडी, सोनं यायला लागलं तर तो खर्चाच्या वाटणीचा विषय उरत नाही. 1961 च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने हुंडा मागणं, घेणं आणि देणं, तिन्ही गुन्हे आहेत. वधूवरांना मिळालेल्या भेटींची यादी ठेवायचा 1985 चा नियमही आहे. ती खरंच करा.

मानपानात पैशांपेक्षा साड्यांचा आकडा ठरवा. दोन्ही विहिणी मिळून दादरच्या हिंदमाता कापडबाजारात गेल्या तर उत्तम, निदान दर दोघींना कळतो.

आणि वाद आधीच पेटला असेल तर वडीलधाऱ्यांना बाजूला बसवा. दोन्हीकडचा एकेक मामा, एक वही, आजवरच्या पावत्या, बस. कानपिळीचा मान मात्र मुलाकडच्यांनीच द्यायचा, तो वहीत घालू नका.