घरच्या भट्टीवर लोहारकाम शिकताना या चुका टाळा

स्वतःच्या बळावर लोहारकाम शिकू पाहणारा माणूस सुरुवातीला हातोड्याचे वजन, ऐरणीची किंमत आणि आपल्या दंडातली ताकद यांची चिंता करतो. प्रत्यक्षात त्याच्या हातून वाया गेलेले बहुतेक तुकडे ऐरणीवर येण्याआधी भट्टीतच बिघडलेले असतात. तुकडा एक तर कमी तापलेला असतो, नाहीतर गरजेपेक्षा जास्त, किंवा वरून लाल आणि आतून थंड. म्हणून येथे आगीशी निगडित चुका आधी घेतल्या आहेत आणि त्यांनाच जास्त जागा दिली आहे.

भर उन्हात भट्टी पेटवणे

नागपुरात हौशी माणूस बहुधा गच्चीवर किंवा मागच्या अंगणात भट्टी मांडतो आणि सुटीच्या दिवशी सकाळी दहा-अकराला कामाला लागतो. धूर निघून जातो, शेजारी तक्रार करत नाहीत, हे खरे. परंतु लोखंड किती तापले हे लोहार रंगावरून ओळखतो आणि रंग दिसायला सावली लागते. सावलीत पाहिले असता साधारण ७०० अंश सेल्सिअसला लोखंड गडद लाल दिसते, ८०० च्या आसपास स्पष्ट लाल, ९०० ते १००० दरम्यान नारिंगी आणि ११०० च्या पुढे पिवळे. हाच ७०० अंशांचा तुकडा उघड्या उन्हात काळा वाटतो आणि नारिंगी तुकडा जेमतेम लाल भासतो. साहजिकच नवशिका तो पुन्हा आगीत खुपसतो, आणखी वारा घालतो, आणि उन्हातही पिवळा दिसेपर्यंत तुकडा जळण्याच्या बेतात आलेला असतो.

आगीतून काढताना तुकड्यातून पांढऱ्या ठिणग्या उडू लागल्या, तर पोलाद जळू लागले आहे असे समजावे. त्याच्या कणांमधल्या सीमा आतून ऑक्सिडाइज झालेल्या असतात, त्यामुळे घाव बसताच तो भाग चुरा होऊन गळतो. पुन्हा तापवून किंवा ठोकून तो दुरुस्त होत नाही. तेवढे टोक कापून टाकणे हाच त्यावर उपाय आहे.

वर टिनाचे छत आणि तीन बाजू मोकळ्या अशी जागा सर्वांत सोयीची. उन्हाच्या बाजूला पत्रा किंवा जाड ताडपत्री लावावी, मात्र ती आगीपासून दूर असावी. तशी सोय नसेल, तर दिवस कलल्यावरच भट्टी पेटवावी. पारा ४५ च्या घरात असताना मे महिन्यातल्या दुपारी भट्टीसमोर उभे राहण्याचा हट्ट तसाही शहाणपणाचा नाही. उलट डिसेंबरच्या थंडीत ऊब मिळावी म्हणून खोलीची दारे-खिडक्या लावून आत कोळसा पेटवणे जिवावर बेतू शकते. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो.

वाऱ्याचा अतिरेक आणि कोळशाची निवड

नागपूर जिल्ह्यात पेंच नदीकाठच्या नायकुंडला झालेल्या उत्खननात महापाषाणयुगीन, म्हणजे मोठ्या शिळांची दफनस्थळे उभारणाऱ्या प्राचीन लोकांची लोखंड गाळण्याची भट्टी आणि तिच्यात वारा घालण्याच्या मातीच्या नळ्या सापडल्या. वारा कोठून येतो आणि किती येतो, हा प्रश्न या जिल्ह्यात तेव्हापासूनचा आहे. आजचा नवशिका त्याचे उत्तर ब्लोअर पूर्ण वेगाने सोडून देतो. त्यामुळे आग पांढरीशुभ्र दिसते खरी, पण कोळशाने न वापरलेला प्राणवायू थेट लोखंडावर येतो, पृष्ठभागावर काळे पोपडे धरतात आणि तुकडा झिजत जातो. ब्लोअरच्या तोंडाशी सरकता पत्रा बसवून वारा रोखता आला पाहिजे.

दुसरी गफलत उथळ आगीची. वारा येतो त्या भोकाच्या वर किमान १० ते १५ सेंटिमीटर पेटलेल्या कोळशाचा थर हवा. तुकडा त्या थराच्या मधोमध आडवा सारावा आणि त्याच्यावरही कोळसा असावा. भोकाच्या दिशेने तिरपा खुपसलेला तुकडा टोकाला जळतो आणि दोन बोटे मागे कच्चा राहतो. मग बाहेर काढल्यावर एकाच घावात टोक तुटते आणि मागचा भाग हलतही नाही, याचे आश्चर्य वाटायला नको.

वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय नागपुरात आहे, उमरेड आणि कामठीच्या खाणी हाकेच्या अंतरावर आहेत, त्यामुळे दगडी कोळशाची वाण पडणार नाही असे वाटते. तथापि हा कोळसा मुख्यतः वीज केंद्रांच्या कामाचा. त्यात राखेचे प्रमाण बरेच असते आणि त्याचा चांगला कोक, म्हणजे धूर निघून गेल्यावर उरणारा सच्छिद्र कोळसा, बनत नाही. ती राख वितळून भट्टीच्या तळाशी खंगर धरतो, वाऱ्याचे भोक बुजते आणि आग अचानक मंदावते. अशा वेळी ब्लोअर वाढवून उपयोग नाही. वारा मिनिटभर बंद ठेवावा, खंगर घट्ट झाला की आकडीने अख्खा उचलून काढावा. नवशिक्याने लोणारी, म्हणजे लाकडाच्या कोळशावर सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तो लवकर संपतो, ठिणग्याही उडवतो, पण त्यात राख कमी असते आणि गंधकाचा त्रास जवळपास नसतो. गॅसची भट्टी करणाऱ्यांनी स्वयंपाकघरातला १४.२ किलोचा सिलिंडर तिला जोडू नये. त्याचा घरगुतीखेरीज वापर नियमबाह्य आहे, आणि त्याच्या रेग्युलेटरमधून पुरेसा दाबही मिळत नाही.

भंगारातले कोणतेही लोखंड भट्टीत घालणे

या चुकीने जीवही धोक्यात येऊ शकतो. पाण्याचे जुने जीआय पाइप, कुंपणाची तार, चकचकीत नट-बोल्ट यांवर जस्ताचा मुलामा असतो. जस्त ९०७ अंशांना उकळते, म्हणजे घडाईच्या तापमानाला त्याचा धूर होणारच. तो छातीत गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येते, आणि धूर जास्त गेला तर फुप्फुसांना इजा होते. मुलामा असलेला तुकडा सरळ बाजूला ठेवावा.

घरबांधणीतून उरलेल्या टीएमटी सळ्या फुकट मिळतात म्हणून अनेक जण त्यांच्यावर सुरी करायला बसतात. त्यांच्यातला कार्बन सुरीसाठी अपुरा असतो आणि वरच्या कंगोऱ्यांच्या घड्या लोखंडात दाबल्या जाऊन तडे राहतात. नागपूरच्या इतवारीतल्या लोहा ओळीत किंवा कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात १० किंवा १२ मिलिमीटरची साधी चौकोनी सळई मिळते. हात बसेपर्यंत तीच वापरावी. धारेच्या कामासाठी पुढे ट्रकच्या कमानीचा पट्टा घेता येतो. नागपूरलगतच्या वाडीच्या बाजूला ट्रकदुरुस्तीची कामे होतात तेथे तो सापडतो. मात्र वापरून थकलेल्या पट्ट्यात न दिसणारे तडे असू शकतात, हे गृहीत धरावे.

एक टोक काढून पाहा

हातोड्याखालच्या चुका एकाच सरावात उघड्या पडतात: चौकोनी सळईला गोल टोक काढणे. नवशिका सळई फिरवत फिरवत थेट गोल ठोकतो. बाहेरचा थर पुढे सरकतो, गाभा मागे राहतो, टोकाला खळगा पडतो आणि पुढच्या घावांनी तो मिटून आत फट राहते. शेवटी टोक उभे चिरते आणि दोष लोखंडाला दिला जातो. योग्य क्रम असा की सळई पिवळी-नारिंगी तापवावी, ऐरणीच्या कडेला धरून आधी टोकाचाच आखूड चौकोनी निमुळता भाग काढावा, प्रत्येक दोन-तीन घावांनंतर बरोबर पाव फेरा फिरवावे, मग निमुळतेपणा मागे वाढवत न्यावा. चारही कोपरे हलके दाबून अष्टकोन करावा आणि अगदी शेवटी गोलाई आणावी. मधेच छेद तिरका होऊन शंकरपाळ्याचा आकार आला, तर उंच कोपऱ्यांवर घाव घालून तो पुन्हा चौकोनी करावा. तसेच ठोकत राहिल्यास तो आणखी तिरका होतो.

लाली गेल्यावर थांबणे हे ऐकायला सोपे आणि पाळायला कठीण. अजून चार घावांत होईल, असे वाटत असतानाच तुकडा चिरतो. हातोडाही एक किलोच्या आसपासचा पुरे. अडीच किलोच्या हातोड्याने खांदा आणि नेम दोन्ही जातात.

ऐरणीपायी अडून बसण्याचे कारण नाही. जाड शाफ्टचा उभा केलेला तुकडा बाभळीच्या ओंडक्यात घट्ट बसवला, आणि सरळ उभे राहिल्यावर वळलेल्या मुठीची हाडे टेकतील एवढी त्याची उंची ठेवली, तर वर्षभर काम भागते. रुळाचा तुकडा सर्रास सुचवला जातो, परंतु रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ पासून स्वतंत्र कायदा आहे; पावतीशिवाय मिळणारा रूळ घरी आणू नये.

पाणी देताना होणारे घोटाळे

पाणी देणे म्हणजे तापलेला तुकडा पाण्यात किंवा तेलात बुडवून कडक करणे. साध्या सळईला कितीही वेळा पाण्यात बुडवले तरी तिला धारेपुरता कडकपणा येत नाही, कारण तेवढा कार्बनच तिच्यात नसतो. याउलट कमानीचा पट्टा पाण्यात बुडवला तर टणत्कार होऊन तडकतो. त्याला तेल लागते. तापमानाचा अंदाज चुंबकावरून घ्यावा. सुमारे ७७० अंशांना लोखंड चुंबकाला चिकटेनासे होते. त्यानंतर रंग किंचित उजळू द्यावा आणि मग तुकडा सरळ उभा बुडवावा. बराच वेळ जास्त तापलेल्या पोलादाचे कण मोठे होतात, आणि असा तुकडा मोडल्यास आतला भाग साखरेसारखा रवाळ दिसतो. हे टाळण्यासाठी आधी दोन-तीनदा लाल करून हवेत निवू द्यावे.

तेल ५० ते ६० अंश गरम असावे, कारण गार तेल घट्ट असते आणि उष्णता सावकाश ओढते. नागपूरच्या जानेवारीत सकाळचे तेल तसेच वापरले तर पट्टा कमी कडक होतो. एखादी तापवलेली सळई आधी त्यात बुडवून ते गरम करून घ्यावे. सोयाबीनचे साधे तेल चालते. गॅरेजमधले जळके इंजिन ऑइल वापरू नये, त्याचा धूर घातक असतो. भांडे झाकणासह लोखंडी असावे. तेल पेटल्यास झाकण टाकावे. पाणी कदापि टाकू नये.

एवढे झाल्यावर काम संपले असे मानणारे पुष्कळ आहेत. पाणी दिलेला तुकडा ठिसूळ असतो आणि फरशीवर पडूनही मोडू शकतो. कानस त्याच्यावरून न धरता घसरली, तर तो कडक झाला आहे. त्याच दिवशी तो घासून पांढरा करावा आणि घरच्या ओव्हनमध्ये साधारण २०० ते २२० अंशांवर एक तास, असे दोनदा ठेवावा. सुरीसाठी फिकट पिवळसर झाक आली की पुरे. निळी झाक येईपर्यंत तापवल्यास धार लवकर बोथट होते.

अंगावर सुती कपडे असावेत, नायलॉन वितळून कातडीला चिकटते. सर्वाधिक भाजणे लाल तुकड्याने होत नाही, तर काळ्या पडलेल्या आणि तरीही ३००-४०० अंश तापलेल्या तुकड्याने होते. जमिनीवरचा कोणताही तुकडा उचलण्याआधी त्याच्याजवळ हाताची मागची बाजू नेऊन पाहावी.

पहिल्याच महिन्यात तलवार करायला घेणे म्हणजे पी हळद अन् हो गोरी. शिवाय घरगुती किंवा शेतीच्या कामाखेरीज ९ इंचांपेक्षा लांब अथवा २ इंचांपेक्षा रुंद पाते शस्त्र नियमांच्या कक्षेत येते. आकडी, खिळा, सांडशी ही कामे आधी करावीत. गावाकडच्या लोहाराकडे जायचे असेल तर पेरणीच्या तोंडावर जाऊ नये, तेव्हा त्याच्याकडे वखराच्या पाशींची रांग असते. पेरण्या उरकल्यावर जावे आणि आपला मोडलेला तुकडा सोबत न्यावा. मोडीचा भाग पाहून तो किती तापला होता, हे जाणता लोहार सांगू शकतो.