शिवाय, सोडून, वगळून: इंग्लिशमधे कुठला शब्द कुठे वापरायचा

आपली बहुतेक गडबड 'शिवाय'मुळे होते, कारण मराठीत तो दोन उलट कामं करतो. 'नेहाशिवाय सगळे सिंहगडावर आले' म्हणजे नेहा आली नाही, इथे एक्सेप्ट. 'नेहाशिवाय अजून तिघं आले' म्हणजे नेहा पण आली, इथे बिसाइड्स. हे दोन अदलाबदल झाले की ऐकणाऱ्याला बरोब्बर उलटं कळतं, म्हणून बोलायच्या आधी एवढंच बघा की तो माणूस आत आहे का बाहेर. अपार्ट फ्रॉम दोन्हीकडे चालतं, बोलताना अडलात तर खुशाल वापरा, पण दुकानाच्या पाटीवर 'सोमवार सोडून रोज उघडं' लिहायचं असेल तर एक्सेप्ट मंडेच लिहा.

आता माणसांचं. हिंजवडीच्या ऑफिसमधे सगळे जेवायला गेले आणि तुम्हाला कोणी विचारलंच नाही, तर दे लेफ्ट मी आउट. यातला आउट विसरू नका, नाहीतर 'मला टाकून निघून गेले' असा अर्थ होतो. आणि मी, हिम, देम हे शब्द मधेच येतात, लीव्ह आउट मी असं कोणी म्हणत नाही. मनाला लागलं हे सांगायचंय तर आय फेल्ट लेफ्ट आउट, अगदी साधं आणि खरं वाक्य आहे, बिनधास्त म्हणा.

मेलमधे मात्र जपून. ऑमिट म्हणजे गाळणं, चुकून असो की मुद्दाम. एक्सक्लूड म्हणजे बहुतेक वेळा ठरवून बाहेर ठेवणं. सोसायटीच्या यादीत कोणाचं नाव राहिलं असेल तर 'चुकून ऑमिट झालं' लिहा, एक्सक्लूड लिहिलंत तर समोरचा दुखावेल आणि त्यात त्याची काही चूक नाही. (ऑमिटमधे एम एकच, ऑमिटेडमधे टी दोन.) बिलावर एक्सक्लूडिंग जीएसटी असेल तर टॅक्स वेगळा भरायचाय. एक्झेम्प्ट म्हणजे नियमातून सूट, यात माणसाचा फायदाच असतो. डॉक्टर डेंग्यू रूल्ड आउट म्हणाले तर डेंग्यूची शक्यता गेली, सुटलात.

ऑस्ट्रसाइज हा फार जड शब्द आहे, वाळीत टाकणं. प्राचीन अथेन्समधे लोक मडक्याच्या खापरीवर नाव कोरून मत द्यायचे आणि तो माणूस १० वर्षं शहराबाहेर, त्या खापरीच्या ग्रीक नावावरून हा शब्द आलाय. आपल्याकडे जातपंचायती कुटुंबंच्या कुटुंबं वाळीत टाकत आल्यात, त्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, तिथे हा शब्द शोभतो. एका लंचला बोलावलं नाही म्हणून तो वापरू नका प्लीज.

आणि तुम्हालाच यायचं नसेल तर मित्रांना काउंट मी आउट चालतं. बॉसला नाही, तिथे आय वोन्ट बी एबल टू जॉइन म्हणा.