केमोच्या काळात किडनी कशी सांभाळावी: घरच्या माणसांसाठी

काकूंना गर्भाशयमुखाचा कॅन्सर होता. रेडिएशन चालू होतं आणि सोबत दर आठवड्याला सिस्प्लाटिन या केमोच्या औषधाचं सलाईन. तिसऱ्या आठवड्याच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा आकडा, 1.1 आलं. लॅबच्या कागदावर ते नॉर्मलमध्ये बसत होतं, म्हणून मी निर्धास्तपणे फाईल पुढे केली. डॉक्टरांनी मागची पानं उलटली. उपचार सुरू होण्याआधी तोच आकडा 0.6 होता. तीन आठवड्यांत जवळजवळ दुप्पट! त्या दिवशीची केमो थांबली. "पाणी किती पिता?" असं डॉक्टरांनी विचारल्यावर काकू म्हणाल्या, "केमोच्या दिवशी सकाळपासून काहीच नाही पीत. दोन तास एसटीत बसायचं, वाटेत बाईमाणसानं जायचं कुठं?"

किडनी बिघडताना बहुतेक वेळा दुखत नाही. हॉस्पिटलमध्ये सलाईन चालू असताना सगळं ठीक दिसतं आणि नुकसान होतं ते नंतर, घरी, उलट्यांच्या आणि अन्न न जाण्याच्या दिवसांत. त्यामुळे यातलं बरंचसं काम घरच्यांच्या हातात आहे.

आधी औषधाचं नाव विचारा

सगळ्याच केमो किडनीला सारख्या जड नसतात. सर्वांत जास्त जपावं लागतं ते सिस्प्लाटिनच्या वेळी, आणि आपल्याकडे तोंड-घशाच्या व गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये तेच भरपूर वापरलं जातं. सिस्प्लाटिन हे प्लॅटिनमचं संयुग. अशी संयुगं पेशींचं विभाजन रोखतात हे 1965 मध्ये अमेरिकेत मिशिगनला बार्नेट रोझेनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत लक्षात आलं आणि 1978 मध्ये तिथे या औषधाला मंजुरी मिळाली. सुरुवातीच्या रुग्णांच्या किडन्या इतक्या बिघडत की औषध बाजूला पडायच्या बेतात होतं. केमोच्या आधी आणि नंतर भरपूर सलाईन द्यायला लागल्यावर ते वापरण्याजोगं झालं. म्हणून "सिस्टर, जरा फास्ट सोडा, शेवटची गाडी चुकेल" असं कधीही म्हणू नका. ती साध्या सलाईनची बाटली उपचाराचाच भाग आहे. गाडी चुकणार असेल तर मुक्कामाची सोय आधीच बघून ठेवा.

इफोस्फामाइड या केमोच्या औषधासोबत दिलं जाणारं मेस्ना मूत्राशय वाचवतं, किडनी नाही. मेथोट्रेक्सेट या दुसऱ्या केमोचा मोठा डोस असेल तर लघवी अल्कधर्मी (आम्लाच्या उलट) ठेवावी लागते, आणि त्या दिवसांत पित्तासाठी नेहमीची पॅन्टोप्राझोलची गोळीसुद्धा विचारूनच घ्यायची. रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये गाठी झपाट्याने विरघळतात, त्यातून युरिक ॲसिड वाढून किडनीवर भार येतो. त्यासाठी ॲलोप्युरिनॉल देतात, ते चुकवू नका.

पहिल्या केमोच्या आधी

फाईलच्या पहिल्या पानावर तीन आकडे मोठ्या अक्षरात लिहा: वजन, बीपी आणि क्रिएटिनिन. हे तुमचे मूळ आकडे. पुढचा प्रत्येक रिपोर्ट लॅबच्या छापील मर्यादेशी ताडून थांबू नका, या आकड्यांशीही ताडा. क्रिएटिनिन दोन दिवसांत 0.3 ने वाढलं किंवा आठवड्याभरात मूळच्या दीडपट झालं, तर किडनीला इजा झाली असं डॉक्टर धरतात. रुग्ण खूप बारीक असेल तर आणखी सावध राहा. क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं, त्यामुळे हाडकुळ्या माणसात ते आधीच कमी असतं आणि बिघाड झाकला जातो.

मधुमेह, बीपी, एकच किडनी, पूर्वीचा मुतखडा, हृदयाचा त्रास, जे असेल ते सगळं न विसरता सांगा. "ते जुनं आहे, त्याचा काय संबंध" असं म्हणून ठेवून देऊ नका. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये आणखी एक गोष्ट बघावी लागते. गाठ कधी कधी शेजारच्या मूत्रवाहिनीवर, म्हणजे किडनीतून मूत्राशयात लघवी नेणाऱ्या नळीवर, दाबते आणि किडनीत लघवी तुंबते. सोनोग्राफीत किडनी सुजलेली दिसली तर कितीही पाणी प्यायलं तरी उपयोग नाही. आत स्टेंट (बारीक नळी) किंवा पाठीतून नळी टाकून वाट मोकळी करावी लागते.

पाणी आणि वही

हृदय किंवा किडनीचा आधीचा आजार नसेल, तर केमोच्या दिवशी आणि पुढचे काही दिवस साधारण दोन ते तीन लिटर द्रव पोटात जावं असं सांगतात. तुमच्या रुग्णासाठी नेमका आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या. एकदम ग्लासभर दिलं तर उलटी होते. अर्ध्या तासाला चार-पाच घोट द्या. पाण्याचाच वीट आला तर पातळ पेज, ताक, वरणाचं पाणी, सरबत चालतं. तोंड आलेल्याला ताक झोंबतं, त्याला गार पेज द्या. उलट्या-जुलाब असतील तर ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवा, पेल्यात अर्धी-अर्धी करून नको. नारळपाण्यात पोटॅशियम बरंच असतं, त्यामुळे क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर विचारल्याशिवाय देऊ नका.

प्रवासातली अडचण खरी आहे, ती बाईला लाजवून सुटत नाही. आम्ही काकूंना आदल्या संध्याकाळपासून पाणी पाजायला लागलो, निघताना मोठ्यांचा डायपर दिला आणि स्टँडवर उतरल्या उतरल्या ओआरएस. पहिल्या दिवशी त्या रागावल्या, दुसऱ्या आठवड्यात स्वतःच पिशवीत भरू लागल्या.

आता वही. डाव्या बाजूला आत किती गेलं, उजवीकडे लघवी किती झाली. एक जुनी बाटली मापाने खुणा करून लघवीसाठी ठेवा. 60 किलोच्या माणसाची लघवी ताशी 30 मिलीही, म्हणजे दिवसरात्रीत पाऊण लिटरच्या आसपासही होत नसेल, तर सकाळची वाट न बघता फोन करा. केमोनंतर निदान 48 तास लघवीत औषधाचा अंश असतो. हातमोजे घाला, संडासात दोनदा पाणी ओता, आणि घरातल्या गरोदर बाईला हे काम देऊ नका.

उलटी व्हायच्या आधी गोळी

सिस्प्लाटिनच्या उलट्या फसव्या असतात. पहिला दिवस बरा जातो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या जोर धरतात. "आज बरं वाटतंय, गोळी कशाला" म्हणून चिठ्ठीतली औषधं थांबवू नका, जितके दिवस लिहिली आहेत तितके दिवस द्या. दिवसभर पाणीसुद्धा टिकत नसेल तर हॉस्पिटल गाठा. एक-दोन बाटल्या सलाईनने जे तेव्हा सावरतं, ते चार दिवसांनी सावरेलच असं नाही.

गोळ्यांचा डबा तपासा

माझ्या मते सर्वांत मोठा धोका गल्लीतल्या मेडिकलमधून येतो. अंग दुखतंय म्हणून डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन किंवा निमेसुलाइड सहज मिळतं. ही औषधं किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात, आणि पाणी कमी पडलेल्या शरीरात सिस्प्लाटिनवर हा दुसरा घाव ठरतो. कॉम्बिनेशनच्या गोळीत ती लपलेली असतात, म्हणून पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालतं का ते विचारा, पण आधी ताप मोजा. 100.4 फॅरनहाइट किंवा वर असेल तर गोळीने ताप झाकू नका, ताबडतोब कळवा.

ॲमिकासिन, जेंटामायसिन ही अँटिबायोटिक इंजेक्शनं आणि सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात ते कॉन्ट्रास्ट यांच्या आधी "सिस्प्लाटिन चालू आहे" हे समोरच्या डॉक्टरला सांगा. बीपीच्या टेल्मिसार्टन, रामिप्रिल, लघवीच्या गोळ्या, मधुमेहाची मेटफॉर्मिन या रोजच्या गोळ्या उलट्या-जुलाबाच्या दिवशी चालू ठेवायच्या का, हे आधीच विचारून वहीत लिहा. स्वतःहून बंदही करू नका.

"केमो उष्ण पडते, हा काढा द्या" असं सांगणारे नातेवाईक प्रेमानेच सांगतात. पण काही वनस्पतींमधलं ॲरिस्टोलोकिक ॲसिड किडनी कायमची खराब करतं आणि पुडीत काय आहे ते बाहेरून कळत नाही. मी नम्रपणे घेत असे आणि कपाटात ठेवत असे. कमरख, म्हणजे स्टारफ्रूट, आणि व्हिटॅमिन सीचे मोठे डोसही या काळात नकोत.

केमो संपल्यावर

सिस्प्लाटिनमुळे लघवीवाटे मॅग्नेशियम निघून जातं आणि केमो संपल्यानंतरही बराच काळ ते कमी राहू शकतं. पोटरीत गोळे येणं, बोटांना कंप, छातीत धडधड असं काही झालं तर क्रिएटिनिनसोबत मॅग्नेशियम आणि पोटॅशियमही तपासून घ्या. काकूंचं क्रिएटिनिन सलाईननंतर 0.7 वर आलं आणि पुढच्या आठवड्यापासून केमो पुन्हा सुरू झाली. पोटरीतले गोळे मात्र नंतर कित्येक महिने येत राहिले. ती वही अजून फाईलमध्येच आहे. मागच्या महिन्यात दात काढायला गेल्या तेव्हा दुखण्याची गोळी लिहायच्या आधी त्यांनी ती डेंटिस्टसमोर उघडून ठेवली.